पाचवी नळी

आमच्या कॉलेजच्या भट्टीबद्दल अजूनही सांगतात, की मी तिच्यात बांगडे भाजून खायचो. ही शुद्ध बदनामी आहे. काजू भाजले होते, तेही एकदाच, आणि त्यातले निम्मे तेव्हाच्या प्राचार्यांनी उभ्या उभ्या संपवले होते. त्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही.

ही भट्टी लाकूडफाट्याची नव्हे. विजेवर चालणारी, मोठ्या टीव्हीएवढी पांढरी पेटी. आत विटांचा कोनाडा, पुढे जाड दार, वर तापमान दाखवणारे लाल आकडे. कुठल्याशा अनुदानातून ती आली होती आणि वर्षातून एकदा, परीक्षेच्या तोंडावर, काजूच्या टरफलांची राख करायला पेटायची. बाकीचं वर्ष तिच्यावर मुलांच्या वह्यांचे गठ्ठे असत. मी तिथे प्रयोगशाळा परिचर होतो. म्हणजे मुलांनी फोडलेलं भरून काढायचं आणि प्राध्यापकांनी हरवलेलं शोधून द्यायचं. निवृत्त होऊन मला आता दोन वर्षं झाली.

नोकरी लागायच्या आधी मी वेगळ्या भट्टीवर होतो. मालवणच्या खाडीकाठी आमची चुन्याची भट्टी होती. खाडीतले शिंपले काढायचे, धुवायचे, चिऱ्यांच्या गोल भट्टीत एक थर कोळशाचा, एक थर शिंपल्यांचा असं रचत जायचं आणि खालून पेटवायचं. शिंपले भाजून त्यांची चुनकळी होते, ती पाण्यात टाकली की उकळी फुटते आणि चुना तयार. देवळांच्या भिंतींपासून पानाच्या डबीपर्यंत आमचा चुना जायचा. मग सिमेंट आलं. आता त्या भट्टीत पिंपळ उगवलाय आणि तो तब्येतीनं चांगला आहे.

बाबांचा एकच नियम होता. आग विझली तरी भट्टी उघडायची नाही. दोन दिवस लागोत, तीन लागोत. शेवटची भाजणी उरलेल्या धगीवरच होते, असं ते म्हणत. लवकर हात घातला तर शिंपला वरून पांढरा आणि आतून कच्चा राहतो. एकदा गिऱ्हाईक दारात येऊन बसलं म्हणून मी एक दिवस आधी भट्टी फोडली. अख्खा माल कच्चा निघाला. बाबा मला बोलले नाहीत, मारलं नाही, फक्त तो सगळा माल पुन्हा एकट्यानं रचायला बसले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू रव. तुझो हात घाईचो." त्यानंतर माझा हात कधी घाईचा झाला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

एक मुलगी भट्टी मागत आली तेव्हा माझ्या नोकरीचं शेवटून दुसरं वर्ष चालू होतं. आमच्याच कॉलेजातून शिकून गेलेली. घर बंदरावरच्या मोहल्ल्यात, वडील मासळीचे व्यापारी. कॉलेजात असताना तिनं माझ्या दोन परीक्षानळ्या फोडल्या होत्या आणि तिसरीच्या वेळी स्वतःहून सांगायला आली होती, म्हणून माझ्या लक्षात राहिली. आता ती दूरच्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होती. दारातूनच तिनं विचारलं, "काका, भट्टी चालता?"

"चालता म्हणजे? तुका ती धावताना बघूची आसा?"

हसली. मग पिशवीतून स्टीलचा जेवणाचा डबा काढून तिनं टेबलावर ठेवला. डब्यात कापूस, आणि कापसात करंगळीएवढ्या, आगीत न वितळणाऱ्या खास काचेच्या पाच नळ्या, दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या. प्रत्येकीच्या तळाशी राखाडी रंगाची लहानशी गोळी. मला ती तपकीर वाटली.

"आकाशातलो दगड," ती म्हणाली. "पूड करून दाबलेलो."

मी तिच्याकडे बघत राहिलो. एवढ्या लांबून दगड येतो, लोक तो काचेच्या कपाटात ठेवतात, आणि या पोरीनं त्याची पूड केली होती. आता ती त्याला आमच्या काजूच्या भट्टीत घालणार होती.

तिनं मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आकाशातून पडणारे बहुतेक दगड हे धुळीचे, कणाकणानं चिकटलेले. ते कधीच वितळलेले नाहीत. पण थोडे दगड वेगळे. ते बघितले तर आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडासारखे, म्हणजे कधीतरी रसासारखे वाहिलेले आणि मग गोठलेले. हे दुसरे दगड पहिल्यांपासूनच झाले असतील का? झाले असतील तर किती आचेवर, आणि आधी काय वितळलं? ते तिथे वर जाऊन बघता येत नाही. म्हणून न वितळलेला दगड घ्यायचा, त्याला थोडा थोडा जास्त ताप द्यायचा आणि प्रत्येक पायरीवर आत काय झालं ते बघायचं. दगड सगळा एकदम वितळत नाही. काही भाग रस होतो, काही कण तसेच राहतात. त्या रसात काय काय उतरलं हे तिला हवं होतं.

"पण ती थंड झाली काय परत दगड," मी म्हटलं. "मगे रस खंयचो आणि कण खंयचो, कसा कळतला?"

"म्हणान तर बादली व्हयी," ती म्हणाली. लालबुंद नळी चिमट्यानं काढायची आणि क्षणात पाण्यात टाकायची. रसाला पुन्हा दगड व्हायला वेळच मिळत नाही, तो होता तिथे काच होऊन थिजतो. सावकाश थंड झाली तर सगळं बिघडलं, कारण रसातून नवे कण वाढायला लागतात आणि आधीचं काही उरत नाही.

मी म्हटलं, म्हणजे पेजेसारखं. टोपातली पेज त्या वेळीच गाळून घेतली तर पेज वेगळी आणि शितं वेगळी. तशीच झाकून ठेवली तर तासाभरानं पेज शितांत मुरते आणि हातात नुसता गिळगिळीत भात. ती एवढ्या जोरात हो म्हणाली की बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! पुढे हीच पेज माझ्या गळ्याशी आली, कारण मला समजलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नव्हतं.

तिच्या संस्थेतली मोठी भट्टी दुरुस्तीला गेली होती आणि कधी येईल याचा पत्ता नव्हता. म्हणून ती आमच्याकडे आली होती. दगड एवढाच होता. तिच्या मार्गदर्शकांनी मोठ्या मिनतवारीनं मिळवलेला तुकडा, त्याच्या या पाच गोळ्या, आणखी मिळणार नाही. या पाचांतून उत्तर निघालं तर तिचं चार वर्षांचं काम पुरं होणार होतं. नाही निघालं तर विषय बदलून पुन्हा पहिल्यापासून. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पहिली नळी ठेवायच्या आधी मी नारळ ठेवला. भट्टी पेटवायची आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं नाही, हे आमच्या घरात कधी झालं नाही. मी हात जोडले आणि म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवान आकाशातलो दगड तुझ्या पायाकडे आणलेलो आसा. तेका आग सोसांदे, आणि हिच्या कामाक येस दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" असं सगळ्यात मोठ्यानं तीच म्हणाली. गावात वाढलेलं माणूस, तोंडात आपसूक येतं. मग नारळ फोडला आणि खोबरं तिनं, मी आणि डोकावणाऱ्या सरांनी खाल्लं.

पहिल्या तीन नळ्या सरळ गेल्या. एकेक दिवस तापवायची, सकाळी दहाला काढायची, बादलीत टाकायची. चुर्र असा आवाज होऊन वाफेचा लोट यायचा. मग नळी फोडून आतली गोळी मी काचेच्या पट्टीवर घासून गुळगुळीत करायचो आणि ती आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पहिलीत काही नाही. दुसरीत लोखंड आणि गंधक मिळून झालेले चकचकीत थेंब. तिसरीत कणांच्या मधे मधे काचेचा पातळसा पदर. "इलो, इलो!" ती ओरडली. खरा रस चौथ्या पायरीवर मिळायचा होता. म्हणून उरलेल्या दोन्ही नळ्यांची आच सारखीच ठेवायची असं तिनं ठरवलं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी हाताशी.

चौथी नळी पाण्याला लागताच फुटली. एवढ्या आचेनं काच पांढरी पडून ठिसूळ झाली होती. गोळीचाही चुरा झाला. आम्ही बादलीतलं पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि चिमटीनं एक एक कण उचलून बघू लागली. नळीची काच कुठली आणि दगडातून निघालेली काच कुठली, काही केल्या कळेना. दुपारपर्यंत बसली होती. मी चहा आणला तो गार झाला. शेवटी तिनं गाळणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "धुवून ठेवा काका." रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पाचवी नळी ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, सावंतवाडीला. तारीख आधीच ठरलेली. नळी पुढे ढकलावी तर कॉलेजला सुट्टी लागत होती आणि भट्टीची खोली बंद होणार होती. मीच म्हटलं, "तू जा. नळी मी काडतंय. तीन काडलेली बघितलंय मा?"

तिनं मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "धा वाजता दार उघडायचा. चिमट्यान धरायची. बादलीत टाकायची. इचार करूचो नाय."

विचार करायचा नाही, हे तिनं बरोबर ओळखून सांगितलं होतं.

सकाळी आठपासून मी भट्टीसमोर स्टूल घेऊन बसलो होतो. शेजारी पाण्याची बादली, हातात चिमटा, मांडीवर नोंदवही. दर पाव तासानं आकडा बघून वहीत लिहायचा, ही बाबांच्या भट्टीवरची सवय. तिथे तापमापी नव्हती, मी धुराचा रंग लिहायचो. नऊ चाळीसला लाईट गेली. भट्टीचा घुमणारा आवाज थांबला. तापमापीत सेल होता म्हणून लाल आकडे चालू राहिले, आणि ते हळूहळू उतरायला लागले.

त्या क्षणी दार उघडून नळी पाण्यात टाकली असती तर काही बिघडलं नसतं. वीस मिनिटं आधी काय आणि नंतर काय, तिनंच मागे सांगितलं होतं की तेवढ्यानं फरक पडत नाही. मी उठलो. दाराच्या मुठीला हात लावला. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गाळणी घेऊन जमिनीवर बसलेली आली. शेवटची नळी. पाण्याला लागली आणि फुटली तर? मुठीवरचा हात मी काढून घेतला.

दहाला लाईट आली. पुन्हा संधी होती. बटण दाबायचं, आच पुन्हा वर न्यायची, दुपारपर्यंत धरायची आणि मग काढायची. तेही मला माहीत होतं. मी बटण दाबलं नाही. उलट भट्टीचा मुख्य खटका खाली केला, दाराच्या फटीत चिंध्या भरल्या आणि स्टुलावर बसलो. लोकांना वाटेल म्हातारा गोंधळला. मी अजिबात गोंधळलो नव्हतो. उलट कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं एवढं मला नीट वाटत होतं. भट्टी आपणहून थंड होत होती, मी तिची राखण करत होतो आणि दर पाव तासानं आकडा लिहीत होतो. वही, आच आणि मी. बाबा असते तर त्यांनी मान डोलावली असती. तिला नळी अख्खी मिळेल, बाकी ती हुशार आहे, बघून घेईल, अशी माझी समजूत मी करून घेतली. आता लिहिताना लाज वाटते. एका माणसाची चार वर्षं माझ्या हातात होती आणि मी माझ्या मनाचं समाधान करत बसलो होतो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती धावत आली. चपला दारात उडवल्या. भट्टी निवल्यावर नळी मी काढून कापसावर ठेवली होती, अख्खी, एक चरा नाही. तिनं ती उचलून उजेडात धरली. आतली गोळी काळपट, दाणेदार झाली होती. काचेची चमक कुठेच नव्हती.

"काय झाला काका?"

"लाईट गेली," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. पुढचं तिचं तिनंच धरून चाललं, की लाईट गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही, म्हातारा एकटा, घाबरला, दार उघडायचं सुचलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. विजेला, तारांना, खांबांना, आपल्या नशिबाला, सगळ्यांना बोलली. मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचो काय दोष काका. तुम्ही वायट वाटून घेव नकात."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी वही मिटली आणि कपाटात ठेवली.

अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसलो, शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही सोडलं नाही. मी खोटं बोललो नाही, हे स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! अकराव्या दिवशी ती खोलीतलं आपलं सामान न्यायला आली, म्हणून सुट्टीतही मी खोली उघडली. मार्गदर्शकांचं उत्तर आलं होतं, विषय बदला. हे तिनं बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. निघताना तिनं पाचवी नळी माझ्यासमोर ठेवली. "ही तुमका. आठवण म्हणान. किती वेळात किती थंड झाली ताच जर कळला असता, तरी काय तरी करता इला असता. आता हेचो काय उपयोग नाय."

मी विचारलं, म्हणजे काय?

ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, की आकाशातले ते वितळलेले दगडसुद्धा असेच सावकाश थंड झालेले असतात. तिथे बादली घेऊन कोण उभा असणार? त्यांच्यातले कण एवढे वाढायला किती वेळ लागला, हाही एक प्रश्नच आहे. पण त्यासाठी आच कशी कशी उतरली याची नोंद लागते. त्याशिवाय हा नुसताच एक काळा दगड.

ती गेली. नोंदवही माझ्यामागच्या कपाटात होती. त्या पानावर आच कशी कशी उतरली ते सगळं होतं, पाव पाव तासाचं, संध्याकाळपर्यंतचं, माझ्या अक्षरात. आणि त्याच पानावर, आकड्यांच्या मधे, एक ओळ होती. "१०.०० लाईट आली. भट्टी बंदच ठेवली." भट्टीवर जे होतं ते लिहायचं, ही पण बाबांचीच शिस्त. आकडे द्यायचे तर ती ओळही द्यायला हवी होती. ओळ खोडावी हा विचार आला नाही असं नाही. आला. पेनसुद्धा उघडलं. पण ज्या वहीत खाडाखोड झाली तिच्यातल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील, हे तीस वर्षं प्रयोगवह्या बघून मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही पिशवीत घालून बंदरावर तिच्या घरी गेलो. तिची आई पडवीत खुर्चीवर बसली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी. आवाजावरून ओळखलं. "बसा भाऊ," म्हणाली आणि मुलीला हाक मारली. मी वही उघडून तिच्या हातात दिली आणि उभाच राहिलो.

तिनं पान वरून खाली वाचलं. मग पुन्हा वर गेली आणि एका जागी थांबली.

"दहाक लाईट इल्ली?"

"होय."

"मगे?"

"मी भट्टी लावलंय नाय."

"कित्याक?"

मी सांगितलं. चौथी नळी, गाळणी, बाबा, कच्चा चुना, माझा घाईचा हात. पडवीत उभं राहून, चप्पल न काढता, सगळं सांगितलं. बोलताना ते एवढं क्षुल्लक वाटत होतं की मला मधेच थांबावंसं वाटलं. ती वळली. वही घेऊन आत गेली. आतून काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. तिच्या आईनं मान वळवली. "काय झाला गो?" मग आईनं कोकमाचं सरबत आणायला कुणालातरी सांगितलं. ते मी प्यायलो कसं ते मला माहीत नाही.

पाऊण तासानं ती बाहेर आली. डोळे लाल, हातात पेन्सिल आणि चौकटीचा कागद. कागदावर तिनं माझे आकडे टिंबांनी मांडले होते आणि टिंबं जोडून एक उतरती रेघ काढली होती. वही माझ्यासमोर धरून तिनं विचारलं, "ह्यो सात की एक?"

"सात."

"आणि हंय? एक आकडो चुकलो दिसता."

"तेवा मी जेवूक गेल्लंय. पाव तास चुकलो."

तिनं रेघेवर तिथे एक लहान गोल केला. मग, "नळी खंय आसा?" मी पिशवीतून काढून दिली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. त्या घरातून जेवल्याशिवाय कुणी जात नाही. त्या दिवशी तिनं मला बस म्हटलं नाही.

ती परत संस्थेत गेली. चार महिने फोन नाही. मग एक दिवस मोबाईलवर सूक्ष्मदर्शकातून काढलेले दोन फोटो आले, शेजारी शेजारी. दोन्हींत काळ्या जमिनीवर वाढलेल्या कणांच्या पांढऱ्या लांब सुया पसरलेल्या, एकमेकींत अडकलेल्या. खाली लिहिलं होतं, डावीकडचा आकाशातला खरा वितळलेला दगड, उजवीकडची आपली पाचवी नळी. मी चष्मा लावून किती वेळ बघितलं. मला डावं उजवं ओळखता येईना. आणखी खाली तिनं लिहिलं होतं, की तिचा जुना प्रश्न अर्धाच सुटला, तो तिसऱ्या नळीपाशी थांबला. चौथ्या पायरीचं उत्तर तिला शेवटपर्यंत मिळालं नाही. पण मार्गदर्शकांनी विषय बदलायचं मागे घेतलं. आता ती बाजारात मिळणाऱ्या पावडरी मोजून मिसळून तसंच मिश्रण करणार होती आणि माझ्या आकड्यांप्रमाणेच ते पुन्हा पुन्हा थंड करून बघणार होती.

त्याला दीड वर्ष लागलं. मी तोवर निवृत्त झालो होतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती घरी आली. हातात तोच स्टीलचा डबा, या वेळी आत शिरखुर्मा. माझ्या बायकोकडे डबा देऊन ती पडवीत बसली आणि तिनं एक कागद काढला. माझ्या वहीतल्या त्या पानाचा फोटो होता. प्रबंधाच्या शेवटी तो लावायचा होता, आकडे कुठून आले हे कळायला.

ती म्हणाली, "आकडे व्हयेतच. पण ही ओळ," आणि तिनं बोट ठेवलं, "ही कोणाक नको. भट्टी किती वाजता बंद झाली तां मी वेगळा लिवलंय. हेच्यावर पांढरी पट्टी मारूक येता. झाकू?"

ती खरंच विचारत होती. तिचा चेहरा मी नीट बघितला. वचपा नव्हता, दयाही नव्हती. माझी वही होती, म्हणून मला विचारायला आली होती.

मी म्हटलं, "नको. रवांदे."

"बरां," ती म्हणाली आणि कागद पिशवीत ठेवला.

तो प्रबंध आता माझ्याकडे आहे, जाड निळ्या पुठ्ठ्यात बांधलेला. सगळा इंग्रजीत. मला त्यातली चित्रं तेवढी कळतात. शेवटाकडे एकच पान मराठीत आहे आणि ते माझ्या अक्षरात. घरी कुणी आलं की बायको मोठ्या कौतुकानं तो काढून आणते आणि मी ते पान उघडून दाखवतो. दाखवताना माझा अंगठा दर वेळी नेमका त्या ओळीवर जातो. कळलं की मी तो बाजूला घेतो, आणि पाहुण्याला चष्मा नसेल तर ती ओळ मीच वाचून दाखवतो.